ट्रस्टच्या जुन्या चाळीच्या जागी ज्येष्ठांसाठी परवडणारी घरे: कोणते काम आधी, कोणते नंतर

खान्देशातल्या कुठल्याही मोठ्या गावात एखादी ट्रस्टची चाळ असतेच. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, कुठेही बघा. दहा बाय बाराच्या खोल्या, वर पत्रे किंवा मातीचे धाबे, सामाईक संडास आणि पावतीपुस्तकाचा खर्चही निघणार नाही इतके भाडे. राहणारे बहुतेक साठी ओलांडलेले. मुले पुण्याला, नाशिकला, नाहीतर सुरतला. विश्वस्त मंडळाला कधीतरी वाटते की हे पाडून लिफ्टची इमारत बांधावी आणि म्हाताऱ्या माणसांना लहान, स्वस्त घरे द्यावीत.

विचार चांगला आहे. घोळ होतो तो क्रमात. आधी आर्किटेक्टकडून रंगीत चित्र काढून घेतात आणि वार्षिक सभेत दाखवतात. मग भाडेकरूंच्या कानावर जाते, वकिलाची नोटीस येते आणि धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते हे सगळ्यात शेवटी आठवते. तोवर दोन पावसाळे गेलेले असतात आणि मागची भिंत बसलेली असते.

हा लेख नोंदणीकृत सार्वजनिक न्यासासाठी आहे. जागा न्यासाच्या मालकीची आहे, पंधरा ते चाळीस खोल्या आहेत, मालकी न सोडता ज्येष्ठांना भाड्याने घरे द्यायची आहेत, असे यात धरले आहे. सहकारी गृहनिर्माण सोसायटीचा पुनर्विकास हा वेगळा विषय. तिथे सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालचे ४ जुलै २०१९ चे निर्देश आणि ५१ टक्के संमती लागते. ‘आमच्या निम्म्याहून जास्त भाडेकरूंनी सह्या दिल्या, आता काय अडचण?’ असे विचारणारे विश्वस्त भेटतात. अडचण ही की तो नियम न्यासाला लागूच नाही.

## टप्पा १: न्यासाचे स्वतःचे कागद

सगळ्यात आधी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे पी.टी.आर.चा (सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा) ताजा उतारा काढा. त्यावर तीन गोष्टी तपासा.

पहिली, विश्वस्तांची नावे. आज सह्या करणारी माणसे उताऱ्यावर आहेत का? खान्देशात जुन्या समाज-ट्रस्टांची हीच दुखरी जागा आहे. उताऱ्यावर वारलेले अण्णा आणि आबा, आणि प्रत्यक्ष कारभार त्यांच्या पुतण्यांकडे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो दिला नसेल तर आधी विलंबमाफीसह तो मार्गी लावा. तोपर्यंत पुढच्या कुठल्याही अर्जावरच्या तुमच्या सहीला कोणीही हरकत घेऊ शकतो.

दुसरी, मिळकतीची नोंद. ही चाळ उताऱ्यावर आहे का? सर्व्हे नंबर आणि क्षेत्र बरोबर आहे का?

तिसरी, उद्देश. न्यासपत्रात ‘समाजातील विद्यार्थ्यांसाठी’ किंवा ‘यात्रेकरूंच्या सोयीसाठी’ असे असेल, तर ज्येष्ठांची घरे त्या उद्देशात बसतात का हे वकिलाकडून लेखी घ्या. बसत नसतील तर उद्देश किंवा योजना बदलून घेणे हे पहिले काम. नकाशा त्यानंतर.

तपासा: मागच्या सर्व वर्षांचे ऑडिट दाखल झाले आहे का? परवानगीच्या सुनावणीत हा प्रश्न हमखास येतो.

## टप्पा २: जागेचे कागद

गावठाणात किंवा नगर भूमापन झालेल्या हद्दीत मिळकत पत्रिका, बाहेर असेल तर सातबारा. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजाच्या नोंदींचा शोध). मूळ खरेदीखत किंवा बक्षीसपत्र सापडत नसेल तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल मिळते.

जागा सरकारने दिलेली, भोगवटादार वर्ग २ ची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे सरकू नका. दानात मिळालेली असेल तर दानपत्रातली अट वाचा. ‘अमुक कामासाठीच वापरावी’ असे एक वाक्य अनेक जुन्या दानपत्रांत असते, आणि ते कुणी वाचलेले नसते.

मग भूमी अभिलेखकडून मोजणी. जुन्या चाळींच्या मागच्या भिंतीला टेकून शेजाऱ्याचा गोठा किंवा न्हाणी निघतेच. पाडल्यावर ही भांडणे दुप्पट होतात, म्हणून मोजणीची ‘क’ प्रत हातात आल्याशिवाय आर्किटेक्टला आराखडा काढायला सांगू नका.

## टप्पा ३: इमारतीची तपासणी

तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे महापालिका हद्दीत बंधनकारकच आहे (महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम २६५अ). जळगाव आणि धुळे इथे ती पालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. नगरपरिषदेच्या गावातही हीच वाट धरा.

अहवालात इमारत चारपैकी एका वर्गात बसते. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

अहवाल सी-२बी आला तर थांबून विचार करा. दुरुस्ती, दोन खोल्यांची एक करणे, आतच संडास-बाथरूम आणि तळमजल्यावर रॅम्प एवढ्याने काम भागत असेल तर पाडण्याचा हट्ट का?

सावध: इंजिनिअरला ‘सी-१ लिहून द्या’ असे सांगून भाडेकरू निघत नाहीत. पालिकेने धोकादायक ठरवून इमारत पाडली तरी त्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. मागवून घेतलेला अहवाल न्यायालयात उघडा पडतो आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

## टप्पा ४: कोण राहते, त्याची यादी

हा टप्पा लोक एका दुपारी उरकतात. त्याला दोन महिने द्या.

प्रत्येक खोलीसाठी एक पान करा. पावती कोणाच्या नावाने आहे, आज प्रत्यक्ष कोण राहते, नाते काय, वय किती, पुरावा काय, वीजमीटर कोणाच्या नावाने, थकबाकी किती. जुनी भाडेपावती, घरपट्टीचा उतारा, मतदार यादी आणि वीजबिल या चार कागदांनी बहुतेक गुंते सुटतात. मग खोली फितीने आतून मोजा. पोटमाळा, पुढचा ओटा, नंतर काढलेली पत्र्याची पडवी वेगवेगळी लिहा. भाडेकरूची आणि दोन पंचांची सही घ्या, दारात उभे करून फोटो काढा. हा पंचनामा पुढे सगळ्या कामाचा पाया होतो. पाडल्यानंतर ‘माझी खोली मोठी होती’ याला दुसरे उत्तर नसते.

याच पानावर आणखी एक रकाना ठेवा, जो कुणीच ठेवत नाही: जिना चढता येतो का, काठी लागते का, रात्री कोणाला हाक मारतात. नकाशा काढताना आर्किटेक्टला या रकान्याची सगळ्यात जास्त गरज पडते.

यादीत चार प्रकारची माणसे निघतील.

मूळ भाडेकरू किंवा त्याची विधवा. हक्काबद्दल वाद नाही.

भाडेकरू वारल्यावर तिथेच राहणारा मुलगा, सून, नातू. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूपण मिळते. तो पस्तिशीचा आहे म्हणून ‘ही ज्येष्ठांची इमारत आहे’ असे सांगून त्याला बाहेर काढता येणार नाही. अशा कुटुंबांसाठी वरचा एक मजला आधीच वेगळा धरा.

पोटभाडेकरू. नावावर एक, राहणारा दुसरा. दोघांना एकत्र बसवून लेखी निकाल लावा.

कुलूपबंद खोली. भाडेकरू सुरतेला, आत मोडकी खाट आणि पिंप. नोंदणीकृत पत्त्यावर नोटीस पाठवा, पोच जपून ठेवा. कुलूप स्वतः तोडू नका.

बोलणी सभेत करू नका, घरी जाऊन करा. सभेत एक जण आवाज चढवतो आणि बाकीचे त्याच्या मागे उभे राहतात. घरी गेलात की बाई आधी चहा ठेवतात आणि मग खरे बोलतात. ‘आम्ही आठेच ऱ्हासूत’ (आम्ही इथेच राहू) हे वाक्य दर तिसऱ्या घरात ऐकू येईल. त्याचा अर्थ विरोध असा घेऊ नका. बहुतेकदा विचारायचे एवढेच असते की परत इथेच आणणार का. ‘माय, खोली मोजायला आलोय, घ्यायला नाही’ हे पहिल्या भेटीत सांगा आणि मुलाला किंवा मुलीला त्याच वेळी फोन लावून तेच ऐकवा.

तपासा: यादी चाळीत फलकावर लावली का? हरकतींसाठी तीस दिवस दिले का? आलेल्या हरकतींना लेखी उत्तर गेले का?

## टप्पा ५: पैशांचा हिशेब

‘भाड्यातून कर्ज फेडू’ हे वाक्य जिथे उच्चारले जाते तिथे काम बुडते. एकदा गणित मांडून बघा.

चोवीस घरे, प्रत्येकी ३० चौरस मीटर चटई. म्हणजे ७२० चौरस मीटर. भिंती, जिना, लिफ्ट, पॅसेज धरून बांधकाम सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे १०,७६० चौरस फूट. चौरस फुटाला २,००० रुपये धरले (तुमच्या गावचा दर ठेकेदाराकडून घ्या) तर दोन कोटी पंधरा लाखांच्या आसपास. हे सगळे कर्जाने केले आणि व्याज १० टक्के असले, तर नुसते व्याज वर्षाला २१-२२ लाख. आता भाडे. निवृत्तिवेतन नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला महिना २,५०० झेपतात असे धरू. चोवीस घरांचे वर्षाला ७ लाख २० हजार. त्यातून लिफ्टची देखभाल, पंपाची वीज, राखणदार, सफाई, घरपट्टी. शिवाय जुने भाडेकरू नव्या घरालाही जुन्यासारखेच भाडे देतील, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा आणखी खाली येईल.

म्हणून बांधकामाची रक्कम बहुतांश अशा पैशांतून यायला हवी, ज्यांना व्याज लागत नाही.

देणग्या: देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत देणारी ८०जी नोंदणी असेल तर. साठवलेला निधी वापरणार असाल तर सीएला आधी विचारा. उत्पन्नाच्या ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करण्याचा नियम आहे, आणि पुढच्या कामासाठी रक्कम बाजूला ठेवायची तर विहित नमुन्यात, ठरल्या मुदतीत कळवावे लागते.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी: कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांच्या सोयी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत विचारा. न्यासाची सीएसआर-१ नोंदणी आधी करून ठेवा. कंपनीकडे मागणी करताना पूर्ण इमारत मागू नका. लिफ्ट, सोलर, एक मजला असे तुकडे करून मागितले तर होकार लवकर येतो.

सरकारी योजना: प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणातही ज्येष्ठांच्या घरांचा विचार आहे. पण धोरणात आहे म्हणून हिशेबात पैसे धरू नका. मंजुरीपत्र हातात आल्यावरच धरा.

तळमजल्यावरचे गाळे: रस्त्यालगत जागा असेल तर चार-सहा गाळ्यांच्या भाड्यातून देखभालीचा खर्च निघू शकतो. मात्र समोरचा तळमजला गाळ्यांनी खाल्ला की काठीवाल्यांची घरे वर जातात. गाळे रस्त्याकडे, घरे मागे अशी विभागणी करा.

आणि बिल्डरचा मार्ग. तो म्हणतो, ‘मी सगळे फुकट बांधून देतो, निम्मे फ्लॅट माझे.’ यात न्यासाची मिळकत दुसऱ्याच्या नावावर जाते, म्हणजे कलम ३६ खालची धर्मादाय आयुक्तांची परवानगी आलीच. विकायचे फ्लॅट असल्याने महारेराची (गृहप्रकल्पांच्या नियामकाची) नोंदणीही येते. काही जागांना हा एकच मार्ग असतो, ते मान्य. पण स्टेशन रोडची जागा देऊन चार खोल्या पदरात पडल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. दुसरा कुठलाही मार्ग उरला नाही, तरच इकडे वळा.

सावध: एकरकमी, परत न करण्याच्या बोलीवर ‘आजीवन राहण्याचे पैसे’ रोखीने घेऊ नका. पागडीचाच तो नवा अवतार.

## टप्पा ६: धर्मादाय परवानगी

न्यास स्वतःच्या जागेवर स्वतःच्या पैशाने बांधत असेल आणि काहीही विकत किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने देत नसेल, तर कलम ३६ चा प्रश्न सहसा येत नाही. तो येतो तो विक्री, अदलाबदल, बक्षीस किंवा इमारत-बिगरशेती जागेचा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्टा असेल तेव्हा. गाळे दहा वर्षांच्या कराराने देऊन बसलेले विश्वस्त इथे अडकतात. आणि कर्ज काढायचे तर कलम ३६अ खाली पूर्वपरवानगी हवी. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे झाले, असे नाही.

अर्जासोबत ठराव, तो का हवा याची कारणे, शासनमान्य मूल्यांककाचा अहवाल, संरचनात्मक अहवाल, भाडेकरूंची यादी, खर्चाचा अंदाज आणि पैसे कुठून येणार याचा तक्ता द्या. विकासकाला द्यायचे असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन मागवलेले सीलबंद देकार हवेत. आपल्याकडची अशी प्रकरणे नाशिक विभागाच्या सहआयुक्तांकडे जातात. तारखा, हरकती, पुन्हा तारखा. या काळात भाडेकरूंची बोलणी चालू ठेवा, खोल्या मात्र रिकाम्या करू नका.

तपासा: ठरावाच्या सभेची नोटीस सर्व विश्वस्तांना पोचली होती का, गणपूर्ती होती का, आणि ज्या विश्वस्ताचा मेव्हणा ठेकेदार आहे तो त्या ठरावावेळी बाहेर बसला होता का, हे इतिवृत्तात दिसले पाहिजे.

## टप्पा ७: नकाशा

आता आर्किटेक्ट. राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकत्रित नियमावली, यूडीसीपीआर, लागू आहे. धोकादायक आणि भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींसाठी तिच्यात जादा चटईक्षेत्राची तरतूद आहे. ती मिळवायला भाडेकरू अधिकृत असल्याचे पुरावे लागतात. चौथ्या टप्प्यातली पाने इथे कामी येतात.

आर्किटेक्टला पुण्याच्या ‘सीनियर लिव्हिंग’ची चित्रे दाखवू नका. त्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता चाळीत आणा.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. पश्चिमेच्या भिंतीला झोपायची खोली ठेवली तर ती रात्री अकरापर्यंत तापलेली राहते. पश्चिमेला जिना, लिफ्ट, संडास टाका. वरच्या स्लॅबवर पांढऱ्या चिनी टाइल्सचे तुकडे किंवा उष्णतारोधक थर, आणि पाण्याच्या टाकीवर सावली. नळाचे उकळते पाणी अंगावर घेऊन म्हातारी माणसे भाजतात, त्याकडे कुणाचे लक्ष नसते.

खान्देशात एसी नाही, कूलर चालतो. नकाशात कूलरला जागाच नसते, मग तो पॅसेजमध्ये लोखंडी स्टँडवर येतो, पाणी गळते, फरशी ओली होते आणि तिथेच कुणीतरी पडते. प्रत्येक घराला खिडकीबाहेर कूलरसाठी स्लॅबचा छोटा ठोकळा, त्याला पाण्याचा कॉक, निचऱ्याचा पाइप आणि १५ अँपिअरचा प्लग एवढे द्या.

न्हाणीघर. माणसे बहुधा इथेच पडतात. दार किमान ९०० मिलिमीटर, बाहेर उघडणारे किंवा सरकते, कडी बाहेरून उघडता येईल अशी. आत व्हीलचेअर वळायची तर १.५ बाय १.७५ मीटरहून लहान नको. उंबरठा नको. पाणी अडवायला उतार पुरतो. आधाराचे दांडे कमोडच्या बाजूला आणि नळापाशी. हे दांडे एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंतीत साध्या फिशरवर, म्हणजे प्लास्टिकच्या गुल्लीवर, टिकत नाहीत. वर्षभरात हलायला लागतात आणि ज्या दिवशी खरा भार येतो त्या दिवशी निघतात. भिंत बांधतानाच त्या उंचीला काँक्रीटची पट्टी टाकायला सांगा. नंतर ते होत नाही. टाइल निवडताना दुकानात हात फिरवून बघू नका. साबणाचे पाणी टाका आणि अनवाणी उभे राहा.

जिना असला तरी लिफ्ट हवीच. नियमात ती कधी बंधनकारक होते याची वाट बघू नका. स्ट्रेचर आत मावेल एवढी घ्या आणि ती गच्चीपर्यंत न्या. इथे आर्किटेक्ट हसतो. पण चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, बिबड्यांचे वाळवण गच्चीवरच होते आणि ते घेऊन जिना चढणाऱ्या बायका सत्तरीच्या असतात. रॅम्पचा उतार एकास बारा, दोन्ही बाजूंनी कठडा. जिन्याच्या एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत.

पाणी. आपल्याकडे नळ रोज येत नाही. चोवीस घरांत ३६ माणसे धरली, माणशी १३५ लिटर, तर दिवसाला ४,८६० लिटर. पाच दिवसांतून एकदा पाणी येते असे धरून २४,३०० लिटरची साठवण, आगीसाठीचे पाणी वेगळे. लहान टाकी बांधून टँकरवर जगणाऱ्या इमारतीत परवडणारे भाडे हा विनोद होतो.

भरीत भाजायला आणि भाकरीसाठी धूर निघेल अशी एक सामाईक जागा तळमजल्यावर मागे ठेवा. नाही ठेवली तरी शेगडी पेटणारच, फक्त पॅसेजमध्ये पेटेल.

तपासा: नकाशा पालिकेत देण्याआधी चाळीच्या अंगणात चुन्याने एक घर खऱ्या मापाने आखा. भाडेकरूंना त्यात उभे करा. कागदावरच्या नकाशाला मान डोलावणारी माणसे इथे बोलू लागतात.

## टप्पा ८: करार, मग स्थलांतर

नकाशा मंजूर, निदान दोन-तृतीयांश पैसा खात्यात आणि प्रत्येक भाडेकरूशी नोंदणीकृत करार. हे तिन्ही झाल्याशिवाय एकही खोली रिकामी करू नका. न्यायालयात पुनर्बांधणीसाठी ताबा मागायची वेळ आली तरी तिथेही आधी पैसे आणि नकाशे तयार आहेत का हेच विचारतात.

करारात नव्या घराचे क्षेत्र, मजला, भाडे, तात्पुरत्या जागेचे भाडे कोण देणार, मुदत, आणि मुदत चुकली तर काय, हे असावे. म्हाताऱ्या माणसांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, नोंदणी कार्यालयातल्या यंत्रावर त्या उमटत नाहीत. आधारवर ठसे आधीच अद्ययावत करून घ्या. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी दुय्यम निबंधकाला घरी बोलावण्याची कायदेशीर सोय आहे.

तात्पुरती जागा शक्यतो त्याच भागात. तोच डॉक्टर, तोच किराणा, तेच मंदिर. एकट्या ऐंशी वर्षांच्या आजींना गावात कुणी खोली देत नाही, त्यामुळे नुसते भाड्याचे पैसे हातात ठेवून भागत नाही. न्यासाने स्वतःच्या नावाने आठ-दहा खोल्या एकत्र घ्याव्यात.

वेळ निवडा. पावसाळ्यात हलवू नका. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) तोंडावर तर नाहीच, लेकी माहेरी येतात आणि घर लागते. दिवाळी झाली की हलवा, डिसेंबर-जानेवारीत पाडा, मार्चअखेर प्लिंथ (जोते) पूर्ण करा.

## टप्पा ९: पाडणे आणि पाया

महावितरणकडून सर्व मीटर कायमचे बंद केल्याचा दाखला, नळजोड बंद, पालिकेला पाडल्याचे कळवणे (नाहीतर घरपट्टी लागत राहते). अंगणातला कडुलिंब तोडायचा तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. शक्यतो वाचवा, त्याची सावली फुकट आहे. सागवानी तुळया, दारे, कौले यांचा लिलाव करा आणि रक्कम न्यासाच्या खात्यात जमा करा. भंगारवाल्याला तोंडी सौदा नको.

तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. माती परीक्षण केल्याशिवाय पाया ठरवू नका आणि शेजारच्या इमारतीचा पाया बघून खोली ठरवणाऱ्या ठेकेदाराला घरी पाठवा. प्लिंथखाली काळी माती काढून मुरूम भरणे, पाणी मारून थराथराने दाबणे यावर स्वतः लक्ष ठेवा. जुन्या आवारात बुजवलेली आड किंवा विहीर असते. ती कुठे आहे हे चाळीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, नकाशात ती नसते.

एप्रिल-मे मध्ये स्लॅब टाकायचा तर संध्याकाळी टाका आणि क्युरिंगच्या पाण्याची सोय आधी करा. बांधकाम कामगार उपकर एक टक्का आहे, तो खर्चाच्या अंदाजात धरलेला नसतो.

तपासा: टाइल लावण्याआधी न्हाणीत दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या घराचे छत बघा.

## टप्पा १० : भोगवटा आणि वाटप

भोगवटा प्रमाणपत्र, लिफ्टचा परवाना आणि अग्निशमनचा अंतिम दाखला हाती येईपर्यंत कुणालाही सामान आणू देऊ नका. ‘वास्तुशांती करून घेतो फक्त’ असे म्हणून लोक राहायला येतात.

वाटपात आधी जुने भाडेकरू, कराराप्रमाणे. तळमजल्याची घरे ज्यांना खरोखर चालता येत नाही त्यांना, त्या चौथ्या टप्प्यातल्या रकान्यावरून. विश्वस्ताच्या सासऱ्यांना नाही. उरलेल्या घरांसाठी वय ६० पूर्ण, उत्पन्नाची मर्यादा आणि गावात राहिल्याची अट ठरवून अर्ज मागवा, आणि चिठ्ठ्या सर्वांसमोर काढा.

नव्या लोकांशी भाडेपट्टा करू नका. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे वापर-परवान्याचा करार करा, तीन वर्षांच्या आतला, नोंदणीकृत. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकाची, म्हणजे न्यासाची. त्यात तीन कलमे स्पष्ट लिहा. जोडीदार ६० चा नसला तरी राहू शकतो आणि एकाच्या मागे दुसरा राहतो. मुला-नातवांना वारसाहक्काने घर मिळत नाही. आणि अंथरुणाला खिळल्यावर सोबतीला राहणाऱ्या माणसाला परवानगी आहे, पण त्याचा हक्क निर्माण होत नाही. ही कलमे करारावेळी मुलांनाही वाचून दाखवा आणि त्यांची सही घ्या.

नुसते राहण्याचे भाडे घेत असाल तर त्यावर सहसा जीएसटी नाही. जेवण, राहणे, देखभाल असे एकत्र वृद्धाश्रम म्हणून चालवणार असाल तर प्राप्तिकर कायद्याची १२एबी नोंदणी असलेल्या न्यासाला ६० वर्षांवरील व्यक्तीमागे महिना २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे. गाळ्यांचे भाडे त्यात येत नाही. घरपट्टीत मात्र धर्मादाय म्हणून माफी मिळेल असे गृहीत धरू नका. भाडे घेता म्हटल्यावर पालिका आकारणी करते.

प्रत्येक दाराची एक किल्ली राखणदाराकडे, मोहोरबंद पाकिटात, वर मुलाचा किंवा मुलीचा फोन नंबर लिहून. अग्निसुरक्षेचे ‘फॉर्म बी’ (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र) दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचे असते. लिफ्टचा वार्षिक देखभाल करार आणि राखीव निधीची दरमहा वर्गणी यांच्या तारखांसह हे सगळे एका वहीत लिहा. ही वही सचिवाच्या घरी नको, इमारतीच्या कार्यालयात ठेवा.